सलाईनवरची गाडी

गाडी दुकानापाशी पोचायच्या आधीच मिस्त्रींना तिचं दुखणं कळायचं. कोपऱ्यावर वळताना चालवणारा एक्सिलेटर सोडणार, सायलेन्सरमधून फट् फट् असे दोन बार निघणार आणि मिस्त्री हातातलं काम न सोडता म्हणणार, "हवा जास्त खातेय, पेट्रोल कमी पितेय. घ्या आत." गाडीचा मालक बिचारा किक मारमारून घामाघूम. मिस्त्री मात्र निवांत. एक तळहात इंजिनाच्या पोटाजवळ, दुसऱ्या हातात बारीक स्क्रूड्रायव्हर, डोळे मिटलेले. कार्ब्युरेटरच्या अंगातला तो इवलासा स्क्रू पाव फेरा बाहेर, मग केसभर आत, मग पुन्हा जरासा बाहेर. आणि मधेच एक क्षण असा यायचा की धापा टाकणारं इंजिन एकदम शांत श्वास घेऊ लागायचं. रस्त्यानं जाणारं माणूससुद्धा मान वळवून बघायचं.

शेजारच्या टपरीतला घड्याळवाला डोळ्याचं भिंग न काढता ओरडायचा, "झाला प्रवेश! पाडा पडदा!"

चाळीस वर्षं हा प्रयोग रोज होत होता. आपला प्रयोग कधी पडला नाही, असं मिस्त्री स्वतः कधीच म्हणाले नाहीत. तेवढं लोक म्हणायचे, आणि मिस्त्री लोकांना मधेच अडवत नसत, एवढंच.

दुकान अरुंद. दोन गाड्या आत आल्या की माणसानं पोट आत ओढून उभं राहायचं. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, म्हणजे कोण जागेवर नाही ते लगेच दिसावं. औषधाच्या गोळ्यांच्या डब्यांत जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या इवल्या पितळी पुळ्या, ठेवलेले, लहानाचा डबा वेगळा, मोठ्याचा वेगळा. आणि दुकानाच्या मधोमध, छताच्या हुकाला, काचेची एक सलाईनची बाटली उलटी टांगलेली. त्याचं असं होतं की टाकी उतरवल्याशिवाय कार्ब्युरेटरपर्यंत हात नीट पोचत नाही, आणि टाकी उतरवली की इंजिनाला पेट्रोल मिळणार कुठून? म्हणून बाटलीत पावशेर पेट्रोल भरायचं, नळी कार्ब्युरेटरला जोडायची आणि गाडी जागच्या जागी चालू ठेवून सूर लावायचा. त्या रस्त्यावर गाडी दुरुस्तीला टाकली असं कोणी म्हणतच नसे. "माझी सलाईनवर आहे," म्हणायचे. संध्याकाळी एखादा डोकावायचा, "काय मिस्त्री, आमची शुद्धीवर आली का?"

ही बाटली नर्सबाईंनी दिलेली. पूर्वी मिस्त्री सॉसची बाटली सुतळीनं बांधून टांगत. ते बघून नर्सबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "काका, पेशंटला असं टांगतात का कुठे?" दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली रिकामी बाटली, बूच आणि सगळा सरंजाम घेऊन हजर. तेव्हापासून पंधरा वर्षं त्यांची गाडी दुसऱ्या कोणाच्या हाताला लागली नव्हती.

नर्सबाईंची ड्यूटी डोंगरावरच्या तीन वस्त्यांत. आठवड्यातून दोनदा गाडीच्या मागे लसींची थंड पेटी बांधायची आणि वळणावळणाच्या चढानं वर जायचं. बाळंतिणी बघायच्या, तान्ह्यांना वजनकाट्यावर घालायचं, म्हाताऱ्यांच्या तक्रारी ऐकायच्या. वरच्या लोकांना तारीख-वार कळत नसे असं नव्हे, पण ते गाडीच्या आवाजावरून सांगायचे, "आज बाईंचा दिवस."

आणि ह्याच गाडीनं मिस्त्रींच्या नाकी नऊ आणले.

पहिल्यांदा नर्सबाई आल्या ते गाडी ढकलतच. "काका, चढावर दम तोडते. आचके देते, तापते आणि बंद पडते." मिस्त्रींनी प्लग काढला. खडूसारखा पांढरा. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, ह्यात शंका नाही. टाकी उतरवली, कार्ब्युरेटर खोलला, जेट फुंकून स्वच्छ केले, स्क्रू लावला. बाटलीवर गाडी अशी गुणगुणायला लागली की घड्याळवालासुद्धा भिंग काढून बाहेर आला. टाकी बसवून मिस्त्रींनी बाजाराला एक चक्कर मारली. छान. चार दिवसांनी गाडी परत.

दुसऱ्या वेळी त्यांनी कार्ब्युरेटर आणि इंजिन ह्यांमधला रबरी जोड बदलला, चोरून हवा ओढत असेल म्हणून. बाटलीवर पुन्हा उत्तम. पुन्हा परत.

तिसऱ्या वेळी कार्ब्युरेटरमधली सुई एक खाच वर घेतली, मोठा जेट घातला. आता इंजिनाला भरपूर पेट्रोल मिळणार. बाटलीवर जरा काळा धूर आला, पण मिस्त्रींनी तिकडे काणाडोळा केला. मनात म्हणाले, कमी पडण्यापेक्षा जास्त बरं.

कोणाला वाटेल, एक गाडी तीनदा आली तर एवढं आकाश कोसळलं का? पण मिस्त्रींच्या जेटच्या डब्यांखाली घडी करून ठेवलेला एक कागद होता. दोन महिन्यांपूर्वी मुलगी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टरनं कानांवर डबे चढवले, आवाज ऐकवले आणि कागदावर एक रेघ काढली. रेघ सरळ चालत होती आणि मग जिना उतरावा तशी खाली गेली. "जाडे आवाज उत्तम आहेत, आजोबा. बारीक आवाज मात्र उजव्या कानातून गेलेत, डाव्यातून जायला लागलेत. वय आहे, आणि कामही तसंच." मुलीनं लगेच सांगून टाकलं, "बाबा, पुरे झालं. आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे. दोघं या."

मिस्त्रींनी तेव्हा हसून विषय टाळला होता. पण नर्सबाईंची गाडी तिसऱ्यांदा आली त्या दिवशी जेवताना ते बायकोला म्हणाले, "चौथ्यांदा आली ना, तर मी शटर ओढतो. मुलीला कळवून टाकू."

"एका गाडीपायी?"

"गाडीपायी नाही गं. कानापायी. डोळे गेलेल्या माणसानं लोकांच्या दाढ्या करू नयेत."

बायकोनं ताटात आणखी थोडं वाढलं, आणि मिस्त्रींनी ते मुकाट्यानं खाल्लं.

चौथ्यांदा गाडी आली ती बुधवारी सकाळी. ढकलत नाही, चालू. नर्सबाईंनी ती दुकानासमोर उभी केली, हेल्मेट काढलं, आणि मिस्त्री उठायच्या आतच हात वर केला. "टाकी उतरवायची नाही. बाटली नाही, स्क्रूड्रायव्हर नाही. तुम्ही माझ्या मागे बसा."

"कुठे?"

"वर. इथे तुमच्यासमोर ती शहाण्या मुलीसारखी वागते. तिचे रंग बघायचे तर माझ्याबरोबर या."

"अहो बाई, मी ह्या वयात डबलसीट..."

घड्याळवाल्याला एवढं पुरे होतं. "बसा की मिस्त्री! लोकांच्या गाड्या चाळीस वर्षं तपासल्यात, एकदा लोकांचं ड्रायव्हिंगही तपासा!"

मिस्त्रींनी हत्यारांची गुंडाळी मांडीवर घेतली, लसींची पेटी खांद्याला अडकवली आणि बसले. आत कुठेतरी त्यांना वाटत होतं की हा आपला निरोपाचा प्रयोग. मग नीट तरी करावा.

गावाबाहेर सपाटीला गाडी झकास पळाली. चढ लागला. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. मिस्त्री डावा कान पुढे करून ऐकत होते. वीस-बावीस मिनिटं झाली असतील, आणि इंजिनाचा भरीव आवाज पोकळ झाला. एक आचका. मग दुसरा. सायलेन्सरमधून फटाका. हा आवाज जाडा होता, मिस्त्रींना तो स्वच्छ ऐकू आला. पेट्रोल कमी पडत होतं, अगदी पहिल्या दिवशीसारखं. सुई वर घेऊन, मोठा जेट घालूनसुद्धा! नर्सबाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला लावली.

मिस्त्री उतरले. "तेच आहे. तेच, अगदी."

"रोजचंच," नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी सवयीनं टाकीचं झाकण फिरवून उघडलं.

"हे कशाला?"

"पेट्रोल आहे का बघते. असतंच. मग झाकण लावायचं, दोन मिनिटं थांबायचं, किक मारायची, की चालते. पुढे वीस मिनिटांनी पुन्हा. सांगितलं होतं ना तुम्हाला? तिन्ही वेळा सांगितलं."

सांगितलं होतं. मिस्त्रींना आता आठवलं. नर्सबाई दारात उभ्या राहून हे सगळं सांगत होत्या आणि आपण इंजिनावर वाकून "हो, हो" म्हणत होतो. इंजिन बोलत असताना माणसाचं काय ऐकायचं!

"आणि उघडताना ती सुस्कारा टाकते," नर्सबाई म्हणाल्या. "आत्तासुद्धा टाकला की. ऐकलात ना?"

मिस्त्रींनी काहीच ऐकलं नव्हतं.

"पुन्हा चालवा," ते म्हणाले. "जमेल तेवढी ताणा. आणि थांबलात की झाकणाला हात लावायचा नाही. ते मी उघडणार."

पुन्हा पंधरा-वीस मिनिटं. पुन्हा पोकळ आवाज, आचके, आणि गाडी कडेला. ह्या वेळी मिस्त्रींनी झाकण सैल केलं, आणि उचलतानाच टाकीच्या तोंडावर तळहात धरला. नर्सबाई म्हणाल्या, "आला बघा, स्स्स!" मिस्त्रींच्या कानाला शांतता होती. पण तळहाताच्या मधोमध, कातडीला, एक बारीक ओढ लागली. टाकी आत हवा ओढत होती. उपाशी बाळानं बोट ओढावं तशी.

मिस्त्रींनी झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला काळ्या रबराची चकती बसवलेली. ती बघितली आणि ते रस्त्याकडेच्या दगडावर मटकन खालीच बसले.

"काका! चक्कर येतेय का?"

"नाही बाई. लाज वाटतेय."

चकती त्यांनीच बसवली होती. दोन-अडीच महिन्यांपूर्वी नर्सबाई म्हणाल्या होत्या, टाकी भरलेली असली की चढावर झाकणातून पेट्रोल पाझरतं, कपड्यांना, हातांना वास लागतो, आणि त्या हातांनी तान्ह्या बाळाला घ्यायला नको वाटतं. मिस्त्रींना ते फार लागलं. त्यांनी जुन्या ट्यूबमधून मायेनं चकती कापली, झाकणात बसवली. टाकीला हवा लागते, हे का त्यांना ठाऊक नव्हतं? चकतीच्या मधोमध टाचणीनं भोकही पाडलं होतं. पण ट्यूबचं रबर पेट्रोलमध्ये फुगतं. फुगलं, आणि भोक मिटून गेलं. पेट्रोल खाली उतरत जाई, वरून हवा येत नसे, आणि वीस मिनिटांत टाकी आपलं पेट्रोल आपल्याच पोटात धरून बसे. बाजाराच्या पाच मिनिटांच्या चकरेत हे कळणार कुठून? आणि दुकानात तर टाकी उतरवून बाजूला ठेवलेली. गाडी बाटलीवर.

हे सगळं त्यांनी सांगितलं तेव्हा नर्सबाईंना जे हसू फुटलं ते आवरेना. "अहो काका, बाटलीच्या बुचात मी तुम्हाला नळीशेजारी एक सुई खोचून दिलीय. कशासाठी? हवा आत गेली नाही तर सलाईनचा थेंब खाली येत नाही! आमच्याकडे नवीन मुलींना पहिल्या दिवशी शिकवतात हे."

"आमच्याकडेही शिकवतात," मिस्त्री म्हणाले. "मीच शिकवतो."

मग तेही हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ते पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं.

पक्कडीनं चकती उपटून काढली. आता तीन वेळा केलेली शहाणपणाची कामं अंगाशी आली. जास्तीचं पेट्रोल पिऊन गाडी काळा धूर ओकू लागली. तिथेच रस्त्याच्या कडेला मिस्त्रींनी स्क्रू आत घेतला, गुंडाळीतला जुना जेट घातला, सुई होती त्या खाचेत आणली. उकिडवं बसून, टाकी जागच्या जागी ठेवून, बोटं वाकडी करकरून. आणि डोळे मिटून आवाज लावला. तो भरीव आवाज होता, खालच्या पट्टीतला, आणि तो त्यांना अजून जसाच्या तसा ऐकू येत होता. त्यांनी इंजिनाला हलकेच थोपटलं.

वरच्या वस्तीपर्यंत गाडीनं एकदाही आचका दिला नाही.

नर्सबाईंचं काम चाललं तोवर मिस्त्री एका घराच्या पायरीवर बसले होते. बायका तान्ह्यांना घेऊन येत, वजनकाट्यावरच्या झोळीत घालत. एका आजीबाईंनी त्यांना चहा आणून दिला आणि विचारलं, "तुम्ही बाईंचे कोण?"

मिस्त्री अडखळले. "मी गाडीचा..."

"हां, म्हणजे तुम्हीच!" आजीबाई वळून आत ओरडल्या, "अगं, गाडीवाले आलेत! खायला काहीतरी आण!" आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "माझ्या नातीच्या जन्माच्या वेळी बाई भर पावसात आल्या होत्या. गाडी नसती तर काय झालं असतं ते मी मनात आणत नाही."

चाळीस वर्षांत मिस्त्रींनी गाड्या दुकानातून बाहेर पडताना पाहिल्या होत्या. त्या कुठे पोचतात ते आज पहिल्यांदा पाहत होते. चहा गरम होता, तरी बोलायला लागू नये म्हणून त्यांनी तो एका दमात संपवला.

परतताना उतारावर इंजिन बंद करून नर्सबाईंनी गाडी नुसती सोडली. त्या शांततेत मिस्त्री मागून म्हणाले, "बाई, तो सुस्कारा मला ऐकू आला नाही."

"ठाऊक आहे."

"कोणी सांगितलं? बायकोनं?"

"तुम्हीच. दोन-तीन महिने झाले, मी तुमच्या उजवीकडून बोलले तर तुम्ही 'हो हो' म्हणता आणि डावीकडून बोलले तर उत्तर देता."

"आणि तरी गाडी माझ्याकडेच आणलीत? चार वेळा?"

"मधे दुसऱ्या एका गॅरेजात दाखवली होती, खोटं कशाला बोलू. ते म्हणाले, गाडी म्हातारी झाली, मोडीत काढा. तुम्ही प्रत्येक वेळी म्हणालात, माझंच काहीतरी चुकतंय." वळण आलं, त्यांनी ब्रेक दाबला. "मी पेशंटलासुद्धा असं म्हणणाऱ्या डॉक्टरकडेच पाठवते, काका."

मिस्त्रींनी लसींच्या रिकाम्या पेटीला जरा घट्ट धरलं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. काहीही न वगळता. स्वतःची चकती, मिटलेलं भोक, न ऐकलेला सुस्कारा, आजीबाईंचा चहा. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे चौथ्यांदा आलीच की गाडी. शब्द म्हणजे शब्द. लावू का मुलीला फोन?"

"आली, पण कानामुळे नाही आली!"

"आणि दोष सापडला, तोही तुमच्या कानामुळे नाही."

मिस्त्रींना हिच्याशी वादात चाळीस वर्षांत एकदाही जिंकता आलं नव्हतं आणि आज तर बाजू लंगडी होती.

"तोंड पाडू नका," ती म्हणाली. "उद्यापासून अकराला माझं घरातलं उरकलं की मी दुकानात येऊन बसते. बारीक आवाज माझे, जाडे तुमचे. वाटणी झाली. आणि गाडी ज्याची असेल त्याला आधी बोलू द्यायचं. पूर्ण. मधे 'हो हो' नाही."

"अगं, तुला गाडीतलं काय कळतं?"

"मला तुमच्यातलं कळतं, ते ह्याहून अवघड आहे."

मुलीला फोन गेला तो एवढाच, की सुट्टीत चार दिवस येऊ, वरच्या खोलीत गाद्या घालून ठेव, पण दुकान चालू आहे.

दुसऱ्या दिवशी बायको खरंच आली. स्टूल झटकलं, त्यावर दोनदा झाडलेलं फडकं घातलं, विणकाम काढलं आणि बसली. घड्याळवाल्यानं भिंग कपाळावर चढवलं. "नवीन पात्र?"

"जुनंच आहे," ती म्हणाली. "एवढी वर्षं आतून बोलत होते."

दुपारी एक शिक्षक गाडी घेऊन आले. मिस्त्रींनी त्यांना बसवलं आणि सगळं बोलू दिलं. मग गाडी चालू केली, डोळे मिटले. आवाज बरा वाटत होता. थोडा कमीजास्त, पण बरा. स्क्रूकडे हात जाणार तेवढ्यात विणकामावरून मान वर न करता बायको म्हणाली, "शिट्टी वाजतेय."

"कुठे?"

"तिकडे, तुमच्या डाव्या हाताशी. बारीक. सारखी नाही, मधून मधून."

मिस्त्रींनी रबरी जोडावर साबणाचं पाणी सोडलं. पाणी एका ठिकाणी आत ओढलं गेलं आणि इंजिनाचा सूर तेवढ्यापुरता बदलला. नखाएवढी चीर होती. त्यांना ती शोधायला संध्याकाळ लागली असती, आणि शोधली असतीच असंही नाही.

ते सरळ उभे राहिले. हात फडक्याला पुसले. शिक्षक बघत होते, घड्याळवाला बघत होता. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती आणि हे वाक्य त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. म्हणायचं राहूनच गेलं होतं.

"तुझे आभार," ते पुटपुटले.

बायकोच्या सुया थांबल्या. तिनं मान वर केली आणि हात कानामागे नेला.

"काय म्हणालात? नाही ऐकू आलं."

तिला स्वच्छ ऐकू आलं होतं, हे दुकानातल्या प्रत्येकाला कळत होतं. मिस्त्रींनी एकदा घड्याळवाल्याकडे बघितलं, एकदा शिक्षकांकडे, हात पुढे करून गाडी बंद केली, आणि पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाले.